चौऱ्याहत्तर प्रश्न

नगरपालिकेचा माणूस दहाला येणार होता.
बाबा साडेसहालाच दाढी करून बसले,
कडक इस्त्रीचा शर्ट,
बटणं खालपासून वरपर्यंत, एकही काज न चुकवता.
माझ्या पोटात धस्स झालं.

काल रात्री दोन वाजता हेच बाबा
उजव्या पायात डावा बूट घालून दाराशी उभे होते,
गोदाम उघडायचंय म्हणून.
बाहेर साकाताचं बर्फ, गुडघाभर,
आणि निवृत्तीला अठ्ठावीस वर्षं.

कुरामोची त्याचं नाव. तिशीतला, मोजे कोरे करकरीत.
गुडघे मोडून बसला, फाइल उघडली.
कुशीवर वळता येतं का.
एका पायावर उभं राहता येतं का.
रात्री ओरडता का, वस्तू हरवतात का, जेवण गिळता येतं का.
सध्या ऋतू कोणता?
"हिवाळा," बाबा म्हणाले,
"आणि तुम्ही फारच पातळ कोट घालून आलात."
तो हसला.
मी नाही हसले.

मला तीन हवा होता.
दोनवर आठवड्यातून काही तास एक बाई येते, एवढंच.
तीन असल्याशिवाय
सरकारी शुश्रूषागृह रांगेत नावच घेत नाही,
आणि खाजगीचं पत्रक मी एकदा वाचून
उलटं घालून ठेवलंय, ते अजून उलटंच आहे.
बाबा एका पायावर उभे राहिले. एक, दोन, तीन, चार.
डगमगा ना जरा, मी मनात म्हटलं,
आणि जीभ पोळल्यासारखी झाली.

चाळीस वर्षं तांदूळ पारखला त्यांनी.
पोकळ पोलादी सळई पोत्याच्या कुशीत खुपसायची,
चार दाणे काळ्या तबकात,
एक नजर, आणि शिक्का: पहिला, दुसरा, तिसरा.
काही शेतकरी वरच्या थराला टपोरा दाणा भरत.
म्हणून बाबा सळई नेहमी बुडाशी खुपसत,
घरी येऊन सांगत, हसत, भात कालवता कालवता.

कुरामोची निघाला तेव्हा दाराशी
मी त्याच्या हातात घडी केलेला कागद सरकवला.
दोन्ही बाजूंनी भरलेला:
गाद्या, गॅस, बूट, तारखा, वेळा.
त्याने न वाचता खिशात घातला,
लाच घ्यावी तसा.
आतून बाबांचा आवाज: "पाहुण्यांना छत्री दे गं, मिहोको."

महिन्याभराने पाकीट आलं.
तीन.
पोर परीक्षेत पास व्हावं तशी मी स्वयंपाकघरात उडी मारली,
आणि मग बघते तर बाबा चष्मा लावून
तोच कागद वाचत होते.
"तिसरा दर्जा," ते म्हणाले.
बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले.
"ओलावा जास्त निघाला असेल."

संध्याकाळी बिस्किटांचा डबा काढला.
त्यात पोस्टाची पासबुकं, रबरबँड वितळून चिकटलेले.
(मी स्वतः एकसष्ठ वर्षांची.
माझा डबा अजून घ्यायचाच आहे.)
मी मोठ्याने वाचत गेले:
महिना एक लाख चाळीस हजार येन.
पेन्शन अठ्ठ्याण्णव हजार.
तूट बेचाळीस.
शिल्लक चौपन्न लाख साठ हजार.
कॅल्क्युलेटर शोधायला उठले,
तोवर बाबांची बोटं हवेत,
नसलेल्या मण्यांवरून झरझर फिरत होती.

"पासष्ट महिने," ते म्हणाले.

मी केलं. एकशे तीस.
पुन्हा केलं. एकशे तीस.
इतक्या वर्षांत त्यांची बेरीज कधी चुकली नव्हती.
आता हेही गेलं, वाटलं.
"बाबा, निम्मंच येतंय तुमचं."

"निम्मंच येणार," जरा वैतागून,
लहानपणी पाढे घेताना वैतागायचे तसे.
"दोघं नाही का आम्ही?
तुझ्या आईला काय इथेच ठेवायचं?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली.

मी पेन्सिल घेतली
आणि पाकिटाच्या कोपऱ्यात, त्यांना दिसेल असं,
पासष्ट लिहिलं.