सातावाचून

रविवारी दुपारी चारला मराठी उपासना.
सकाळी हिंदीची असते, तेव्हा स्कूटर लावायला जागा नसते.
आमच्या वेळी पायरीवर कुत्रंही निवांत झोपतं.
दिवाळीला आम्ही सहा होतो, नाताळात पाच.
पाळकसाहेब तरुण, झाबुआकडचे,
मराठी वाचतात जपून,
ओल्या फरशीवरून चालल्यासारखी.

माझं काम पाटीचं.
पुलपिटाच्या डावीकडे शिसवी पाटी, तिला खाचा,
खाचांत लाकडी आकडे सरकवायचे,
कुठलं गीत म्हणायचं ते लोकांना कळावं म्हणून.
आकडे शेवेच्या डब्यात असतात.
सगळे आहेत, सात नाही.
दोन होते. एक वाळवीनं खाल्ला,
दुसरा बावीस वर्षांपूर्वी हरवला.
तेव्हापासून इंदूरच्या मराठी मंडळीनं
सतरा, सत्तावीस, सत्तर ते एकोणऐंशी
यांतलं एकही गीत म्हटलेलं नाही.
देवानं कधी चौकशी केली नाही.

छावणीतल्या सुताराकडून करून घ्या की, लोक म्हणायचे.
दीना म्हणायची, राहू द्या,
सातावाचून काय अडलंय?

दीना जाऊन आता नऊ महिने.
ती प्रभूकडे गेली, रडायचं नाही, म्हणाले सगळे.
मी रडलो नाही.
विश्वासू माणसासारखा फाटकाशी उभा राहिलो,
प्रत्येकाशी हात मिळवला,
घरी येऊन तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजल्या.
एकोणीस.
दुकानदार परत घेईल का, असलं काहीतरी मनात आलं.
प्रार्थनेला बसलो की शब्द येतात,
इस्त्री करून ठेवल्यासारखे.
आमेन म्हटलं की घर आणखी मोठं होतं.

परवा तिचं शास्त्र उघडलं, चेनच्या कव्हरातलं.
सात तिथं होता.
खुणेला ठेवलेला, त्या स्तोत्रापाशी
जे शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच राहतं,
ज्यावर मी एकही प्रवचन ऐकलेलं नाही.
लाकडाचं तेल उतरून पानावर
सातचा पिवळा ठसा उमटला होता.

मग आठवलं. लगेच नाही,
भाकरी गार झाल्यावर.
दोनशे सात.
आमोसच्या वेळी म्हटलेलं.
अकरा महिन्यांचा. पेटी एवढीशी
की शांतवनमामानं एकट्यानं उचलली.
क्रमांक मीच लावला होता.
आणि पुढंही, वर्षानुवर्षं,
चाल सोपी म्हणून, सगळ्यांना येते म्हणून,
दोन, शून्य, सात,
मी सरकवत राहिलो
आणि ती तिसऱ्या बाकाशी उभी राहून गात राहिली.
अहो, ते नको, असं एकदाही म्हणाली नाही.
एके दिवशी आकडा पर्समध्ये टाकला, एवढंच.
मंडळीच्या मालाची चोरी.
दीनानं!
जास्तीचा आलेला रुपया परत द्यायला
जी राजवाड्यापर्यंत चालत गेली होती.

मी तिला पाटीपासून पाहायचो,
ती मला बाकापासून.
मध्ये तेरा पावलं. काल मोजली.

आज आकडा सदऱ्याच्या खिशात.
काका, सात सापडला का, पाळकसाहेबांनी सहज विचारलं,
पुढच्या रविवारी म्हणायचं होतं त्यांना काहीतरी.
नाही, म्हटलं.
पुलपिटापासून चार हातांवर उभा राहून, सरळ.
इथं कोंबडा कुठून आरवणार?
बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती,
किक, किक, आणि एक अर्धी शिवी.

मग मी एकशे बारा लावला
आणि नेहमीसारखा भिंतीशी न थांबता
तिसऱ्या बाकावर जाऊन उभा राहिलो.
लाकूड बरगडीला टोचत होतं. टोचू दिलं.
पहिल्या कडव्याला आवाज लागला नाही.
दुसऱ्याला लागला,
थोडा,
तिच्यापेक्षा अर्धी पट्टी खाली.