पापणीची मोजणी

ऑगस्ट सरता सरता केंब्रिजला
बर्फाच्या डब्यातून एक पापणी आली.
म्हणजे पापणीवरची जादा घडी, नखाएवढी,
नजरेवर झुकायला लागली म्हणून कापलेली.
चिठ्ठीवर नाव नाही. नमुना सतरा, स्त्री, वय त्रेसष्ट.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं : काम उघड्यावरचं.

मी वरचं कातडं सोडवून घेतलं,
उकडलेल्या रताळ्याचं साल निघतं तसं निघालं.
काचेवर पसरलं, बारीक चौकटी पाडल्या,
एकेक चौकट यंत्राला वाचायला दिली.

आमचे आप्पा मोजणी खात्यात होते.
पुढे साखळी, मागे दोघं भाऊ, एकमेकांशी न बोलणारे.
‘बांध रात्री चालतो,’ आप्पा म्हणायचे,
‘दरसाल नांगराचं एक तास.’
मला वाटायचं बांधाला खरंच पाय असतात,
आणि मी खिडकीशी जागत बसायचे.

सोमवारी वाचन आलं.
चार पेशींमागे एक बिघडलेली.
गाठींमध्ये आम्ही जे शोधतो तेच सगळं,
तीच अक्षरं, त्याच जागी चुकलेली.
नमुन्यांची अदलाबदल झाली का, मी दोनदा पाहिलं.
नव्हती झाली.
आणि पापणी तर धडधाकट. तिळाएवढा डाग नाही.

मग नकाशा रंगवायला घेतला.
हिरवा तुकडा, पिवळा, विटकरी, एकाला एक खेटून,
प्रत्येकानं शेजाऱ्याचा बांध कोरत कोरत आणलेला,
आणि पुढचाही तितकाच बेरकी निघाला
तिथं मुकाट थांबलेला.
मधूनमधून साध्या पेशी, सरळमार्गी,
त्याही जागा सोडत नव्हत्या.
खाली एक पेशी दुभंगते,
एक राहते, एक वरची वाट धरते,
जाता जाता चपटी होते, मरते,
टॉवेलला लागते, उशीच्या अभ्र्याला लागते.
किती गुन्हे असे सोमवारच्या धुण्यात जातात
आणि बाई चहा पीत असते.

फर्गस म्हणाला, सहनशीलता म्हणू नकोस ह्याला.
ही नुसती दाटी आहे. कुणालाच हलायला जागा नाही.
मी म्हटलं, आमच्याकडे दोन्हीला मिळून एक शब्द आहे, शेजार.
तो हसला. म्हणाला, अहवालात नको लिहूस.
आणि एखादा तुकडा कधीतरी थांबत नाही, हेही विसरू नकोस.
ते मी विसरत नाही.
रोज सकाळी मनगटापर्यंत क्रीम चोपडते,
रविवारी विसरते.

ह्या रविवारी ग्लेनिस कुंपण छाटत होती.
तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं तिनं,
धुक्यात, वाऱ्यात, आणि इथं पडतं तेवढ्या उन्हात.
कुंपणावरून आमचं दोनदा वाजलंय,
एकदा तर पत्रापत्रीपर्यंत गेलं होतं.
जवळ आली तेव्हा दिसली
दोन्ही पापण्यांवर एकेक गुलाबी रेघ, नवी.
मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.
तीच म्हणाली, आता आभाळ पुष्कळ दिसतं बाई,
पूर्वी अर्धंच दिसायचं, मला वाटायचं तेवढंच असतं.

ऊन आहे, टोपी घाल, मी म्हटलं.
आहे कुठंतरी, म्हणाली,
आणि कात्री चालवत राहिली
माझ्या बाजूला, चांगली हातभर आत.