मानशीवरची टोपली

जमादाराने विचारलं, दार किती वाजता उघडलंस?
मी म्हटलं, ओहोटीला.
घड्याळाचं सांग.
मानशीला घड्याळ नसतं, साहेब.
खाजनातलं पाणी नदीकडे वळलं की फळ्या वर घ्यायच्या,
दारात जाळं सोडायचं आणि बसायचं.
त्याने लिहिलं : अंदाजे अडीच.

जाळं जड लागलं तेव्हा मला वाटलं, चणक.
दुसऱ्या दिवशी फेस्त. एवढी मोठी चणक म्हणजे…
म्हणजे मी आधी भाव केला,
मग कंदील खाली धरला.

एफिजेनियाचा हात सगुणच्या शर्टाच्या खिशात होता.
पंचनाम्यात तो नाही. पंचनाम्यात
एक स्त्री, एक पुरुष,
अंगावर मारहाणीच्या खुणा नाहीत.

खुणा नव्हत्या, हे खरंच.

चोडणात तो दिवसभर सगळे बोलत होते.
तिच्या बापाने कोंडलं नसतं तर, असं तावेर्नात म्हणाले.
बाप म्हणाला, मी कोंडलं ते मेव्हण्याच्या पत्रावरून.
मेव्हणा कुवेतला. त्याला बातमीच नऊ दिवसांनी पोचली.
सगुणच्या आईने पाद्रीचं नाव घेतलं.
पाद्री म्हणाला, मी नको म्हटलं नव्हतं,
थांबा म्हटलं होतं.
आणि होडीवाला रोयदास, जो त्यांना
पोंबुर्प्याच्या काठाला सोडणार होता, पैसेही घेतले होते ज्याने,
त्याला त्या रात्री सगुणच्या काकाने फेणी पाजली.
कधी नव्हे तो मायेने पाजत होता हो,
रोयदास रडत म्हणाला,
मला काय ठाऊक.

सायबिण जशी एका घरात एक रात्र राहते
आणि दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या लावून, गात गात
शेजाऱ्याच्या ओसरीवर पोचवतात तिला,
तसा तो दोष वाड्यावाड्यातून फिरला.
कुणाकडे दोन रात्री राहिला नाही.

माझ्या खोपीपर्यंत आलाच नाही.
म्हणून सांगतो.

मी त्यांना पाहिलं होतं.
पुनवेचा चंद्र माथ्यावर, आणि बांधावरून दोघं
चपला हातात घेऊन येत होती.
ती शिवणकाम करणारी, तो मोटारसायकल पायलट,
चिखलाची सवय दोघांच्याही पायांना नाही.
मी कंदील पाठीमागे फिरवला.
त्यांना लाज वाटू नये म्हणून.
भलेपणा केला, असं मला तेव्हा वाटलं
आणि अडीचपर्यंत वाटत राहिलं.

पुनवेची भरती ओसरताना मानशीच्या तोंडाशी
पाणी म्हैस ओढून नेतं.
मला ठाऊक होतं, त्यांना कुठून असणार?
होडीची वाट बघून बघून ती घसरली की उतरली,
देव जाणे.
फळ्या मी उचलल्या. लिलावात ही मानस मी घेतलेली,
एक ओहोटी फुकट घालवायची म्हणजे…

एकच शब्द होता, पाद्रीचाच.
थांबा.
तोंडात होता माझ्या. विडीच्या मागे.

जमादाराने माझी सही घेतली,
पंच क्रमांक दोन.
घेताना विचारलं, आणखी काही?
मी म्हटलं, नाही.

आता टोपलीचं.
त्याच जाळ्यात अकरा किलो सुंगटं आली होती,
थोडे शेवटे, एक काळुंदर.
ती मी वेगळी का काढली, विचारू नका.
हात काढतात.
टोपली बांधावर तशीच राहिली, पोलीस होते तोवर,
डॉक्टरची जीप जाईपर्यंत.
संध्याकाळी गेलो तर रिकामी.
तळाशी केळीचं पान, पानाखाली नोटा,
वर खडा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
बरोबर भाव.
एक रुपया कमी नाही.

फेस्ताला गावात कोणाकोणाच्या घरी
सुंगटांची कढी झाली, मी विचारलं नाही.
वास मात्र सगळीकडून येत होता.

नोटा मी मोजल्या.
ओल्या होत्या, म्हणून दोनदा मोजल्या.