नाव खोडणे

रात्रीचे पावणेचार. जालना.
रोलिंग मिलच्या भट्टीचा उजेड
खिडकीच्या काचेवर तांबूस.
तिचं तापमान मोजणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर
पाचव्यांदा उतरवला.
मुकाट गेला तो,
मागे एकही तक्रार न ठेवता.

मग चार कोअरपैकी तीन नंबरचा झोपवला
आणि अख्खं यंत्र आडवं.

पडद्यावर पत्ता उमटला. ओळखीचा.
मघापर्यंत तिथं माझं फंक्शन राहत होतं.
आता मोकळा प्लॉट.
कर्नलचं काय चुकलं?
त्याच्या वहीत लिहिलेलं :
कोअर निजला, कोअर उठला, की ह्यांना कळवा.
तो कळवायला गेला,
कडी वाजवायला हात उचलला
आणि तसाच खड्ड्यात.

चढताना नाव नोंदवलं मीच.
उतरताना इंटरप्ट सोडला, मेमरी सोडली,
नाव खोडायचं तेवढं विसरले.
आणि क्रम असतो बाई ह्यालाही :
आधी वहीतून नाव काढायचं,
एकेका कोअरवर जाऊन आपला पसारा आवरायचा,
घर पाडायचं ते त्यानंतर.
शेवटी बांधलेली गाठ आधी सुटते,
मांडव उतरवतात तसं.

एक ओळ वर सरकवली, एक नवी लिहिली.
बिल्डला लावलं.

तेवढ्यात फोन.
"म्याडम, नळ आले बगा. खाडगाव रोडला सोडलंय.
मोटर लावा, जाईल नाही तर."

लातूरची खोली सोडून दोन वर्षं झाली मला.
व्हॉल्ववाल्या खाजामियाँच्या वहीत
डाळ मिलमागच्या गल्लीपुढे
अजून माझाच नंबर.
दर आठ-दहा दिवसांनी चावी फिरवली
की पहिला फोन मला.
इथं ना घागर, ना टाकी.
त्या खोलीत आता कोण राहतं माहीत नाही.
त्यांना कोण उठवतं, तेही नाही.

"हो मामू, लावते," म्हणाले.
"शाहीन कशी आहे?"
"बारावीला बसली. तुमच्यावानी कॉम्प्युटर म्हंती."
मागे कुठंतरी पाण्याआधीची हवा
पाइपात खोकत होती.

बिल्ड झालं.
ड्रायव्हर चढवला, उतरवला,
तीन नंबर झोपवला, उठवला.
यंत्र उभं.
हजारदा फिरू दे म्हणून लूप लावला
आणि चहा ठेवला.

पुढच्या खेपेला सांगायचंच त्यांना.
मागच्या खेपेलाही हेच ठरलं होतं.