पत्र्यामागचं पाणी

कुठ्ठाळीच्या यार्डात एकतीस वर्षं
बार्जांची पोटं शिवली मी.
आता डॉक्टर सेलीना फुर्तादो
माझ्याच पोटाचा फोटो उजेडावर धरतात:
यकृतात एकोणीस मिलिमीटर,
काजूच्या बीहून जरा लहान.
(बी म्हटली की गाव फेणीचा हिशेब मांडतं.
फेणी नाही हो. तरुणपणची कावीळ,
जी गेली असं आम्ही समजलो.)

कापायचं नाही, म्हणाल्या. जाळायचं.
सुया दोन तऱ्हेच्या.

पहिली मला लगेच कळली.
मांड्यांवर अर्थिंगच्या पट्ट्या,
सुईच्या टोकाशी करंट मागेपुढे,
टोकाजवळचं मांस तापतं
आणि ऊब हातोहात बाहेर सरकते.
घाई केली तर कोळसा धरतो,
कोळशातून करंट जात नाही.
हे तर आमचंच काम, मी म्हटलं,
फक्त काळी काच नाही.

दुसरीला अर्थिंग लागत नाही.
लहरी सोडते, पाण्याचे कण जागच्या जागी घुसळते,
पहिलीच्या निम्म्या वेळात मोकळी.
मुलीकडे तसली पेटी आहे.
कालचं सुंगटांचं हुमण त्यात
कडेला चटकतं, मधे गार.
माझा विश्वास बसेना.

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.
गाठीला लागून एक जाड शीर.
"रक्त वाहतं ना, ते ऊब घेऊन जातं."

मी गप्प झालो.
भरतीला झुआरीचं पाणी पत्र्यामागे आलं
की टाका पटकन निवतो,
वरून लखलखीत, आतून ठिसूळ.
नकुळ फोरमन ओरडायचा, सुकतीपर्यंत थांब रे!
माझ्या शिरेला सुकती कुठली?

"म्हणून दुसरी," त्या म्हणाल्या.
"शिरेजवळ ती हटत नाही.
पण पसरतेही, पित्ताची नळी जपायला हवी.
आणि खरं सांगू? इतक्या लहान गाठीत
दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखेच."
ते 'खरं सांगू' मी घरी घेऊन आलो.

शेजारच्या खाटेवर आगशीचा कायतान.
त्याची गाठ शिरेपासून लांब, त्याला पहिली.
त्यानं मांड्यांवरचे चौकोनी लाल डाग दाखवले,
मी बरगडीखालचा एक टोचा.
कोणाची बरी? त्यानं विचारलं.
महिन्यानं बघू, मी म्हटलं.

यार्डात टाका तपासायला
या अंगाला खडू फासायचो, त्या अंगाला रॉकेल.
खडूवर ओला डाग उठला, तर काम वाया.
इस्पितळात शिरेतून औषध सोडतात,
गाठीच्या जागी काही उजळलं, तर काम वाया.

आज महिना भरला.
बांबोळीची बस झुआरीच्या पुलावर अडकलीय.
खाली यार्डात कोणीतरी उकिडवा बसून
टाका घालतोय,
भर उन्हातही ठिणगी निळी दिसते.
पाणी चढतंय.
इथून ओरडलो तर त्याला ऐकू जाणार नाही.