तायी कार्ड

खानापूरच्या दवाखान्यात माझं काम तीन गोष्टींचं.
पडदा ओढायचा, पोटावर गार जेल लावायचं,
आणि यंत्र विचारील त्याची उत्तरं भरायची.

यंत्र शेवटच्या पाळीची तारीख विचारतं.
रुझारिया सांगते, कारहुणवीच्या आदला सोमवार.
मी कॅलेंडर उलटं मोजते. चौतीस आठवडे.

मग यंत्र विचारतं, वंश कुठला?
खाली यादी उघडते:
गोरा, काळा, आशियाई, इतर.

रुझारिया सिद्दीची खापरपणजी कुठल्या गलबतातून उतरली
हे तिच्या घरात कुणी सांगत नाही.
तिला नागरगाळीचं रान माहीत आहे, कुठल्या झाडाला मध लागतो ते,
आणि कोकणी ती माझ्यापेक्षा गोड बोलते.

तिच्याआधी याच टेबलावर गवळीवाड्याची ठकू होती.
तेवढेच आठवडे, पोटाच्या घेराचा आकडाही तोच.
ठकूसाठी मी आशियाई दाबलं,
रेघ जराशी खाली आली, लेकरू मापात बसलं.
रुझारियासाठी काळा दाबलं
तर तेच माप तांबड्यात.
मी मागे गेले. पुन्हा दाबलं. पुन्हा तांबडं.

ठकूची सासू दारातून म्हणाली होती,
"आमच्यात बारकीच निपजत्यात बाई, आमची हाडंच तशी."
मी मान हलवली. सवयीनं.

माझी आई निपाणीला वखारीत तंबाखू चाळायची,
सातव्या महिन्यातसुद्धा, तोंडाला पदर बांधून.
मी पावणेदोन किलोची झाले.
तेव्हाही कुणीतरी म्हणालं असणार, तुमच्यात असंच असतं.
वखारीचं कुणी विचारलं नाही.
कार्डावर तो रकाना नव्हता,
आजही नाही.

हाड किती आणि उपास किती,
हे कसं वेगळं करायचं?
कुणाच्या बायका मोजून काढलीय ही रेघ?
त्या दुपारी काय जेवल्या होत्या?

मुगळी मॅडम बागलकोटच्या. माझ्या खांद्यावरून बघतात,
"इतर हाकु," म्हणतात, आणि मग मराठीत,
"पंधरा दिवसांनी बोलाव हिला. आजच्या मापाशी तेव्हाचं माप लावून बघू."
एवढं बोलून पुढच्या बाईचा कागद मागतात.

रुझारिया तायी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते.
कानडीत तायी म्हणजे आई, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
ती त्याला ताईचं कार्ड म्हणते, माझं असल्यासारखं,
आणि मी ते कधी सुधारलं नाही.

"वाढूलालंय न्हवं, ताई?"

मी उत्तर जुळवतेय
तेवढ्यात पडद्यावर लेकरानं कूस बदलली.
मांडीचं हाड रेघेबाहेर गेलं
आणि मॅडमना माप
पहिल्यापासून घ्यावं लागलं.