नाव कमी केल्याचं पत्र

ग्डिनियात बर्फ वितळत होता त्या शनिवारी
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
मी रांगेत उभी. मनगटाला मैदा तसाच.
शेजारच्या टिमेकसाठी. वय नऊ,
माझ्या दुकानातून खसखशीचा पाव
उधारीवर नेणारा.

कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची,
एक मिनिट. नर्स लुत्सिना घड्याळ बघत म्हणाली,
बोलू नका.
इतकी गप्प मी फक्त चर्चमध्ये असते,
तीही रोज नाही.

माझं जुळलं नाही.
त्या दिवशीच्या चारशे बारा जणांत कुणाचंच नाही.
टिमेकच्या उधारीचं पान
वहीत अजून आहे.

यादीत नाव मात्र राहिलं.
म्हणून फोनचा नंबर बदलला नाही कधी,
घर बदललं तेव्हा आईच्या आधी
त्यांना पत्ता कळवला.
पहाटे तीनला पीठ मळताना वाटायचं,
कुठेतरी, पेरूत म्हणा, तुर्कस्तानात म्हणा,
कुणीतरी आहे माझ्या हाडामांसाचं,
नात्यातलं नसलेलं.
धडधाकट असणार.
म्हणून तर फोन येत नाही.

काल पत्र आलं. वयोमर्यादा. आपले आभार.
खाली छापील सही.
बावीस वर्षं कुणालाच लागले नाही मी.
रडतेस काय, यानुष म्हणाला,
बरंच झालं की.

बरंच झालं.

रात्री दिवा मालवला,
फोन उशाशी घेतला,
आवाज पूर्ण ठेवून.